सगळ्यांना नऊ-नऊ देऊ नकोस

वाचकाचं पत्र:

ताई, नमस्कार. मी १४ वर्षांपासून नॅशव्हिलजवळ राहते. नोकरी हिशोबाची, आणि शनिवारी आमच्या भागातल्या मुलींना कथक शिकवते. मंडळाच्या गणपतीत, दिवाळीत नाचांच्या स्पर्धा असल्या की परीक्षण बहुतेक माझ्याकडेच येतं. ऑफिसातला माझा एक सहकारी शनिवारी रात्री ड्रॅग करतो, म्हणजे भडक मेकअप आणि स्त्रीवेषात मंचावर नाच-गाण्याचे कार्यक्रम करतो. तो ज्या बारमध्ये कार्यक्रम करतो तिथे पुढच्या महिन्यात ड्रॅग कलाकारांची स्पर्धा आहे. सात स्पर्धक, पाच परीक्षक. जमणारे सगळे पैसे घरातून हाकलून दिलेल्या मुलामुलींच्या निवाऱ्याला जाणार आहेत. त्यानं मला परीक्षक म्हणून बोलावलं, मी हो म्हणून बसले आणि आता झोप उडाली आहे. या कलेतलं मला काही कळत नाही. स्पर्धकांपैकी एक माझ्या या सहकाऱ्याची ‘ड्रॅग लेक’ आहे, म्हणजे त्यानंच तिला तयार केलं आहे. क्लासच्या मुलींच्या आयांना कळलं तर काय, ही धास्ती वेगळीच. नवरा म्हणतो, ‘एवढा विचार कशाला? चांगल्या कामासाठी आहे ना, मग सगळ्यांना नऊ-नऊ दे आणि मोकळी हो.’ मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते सांगताही येत नाही.
– एक नृत्यशिक्षिका, टेनेसी

प्रिय मैत्रिणी,

तू मला ताई म्हटलंस, तेव्हा मी सरळ तू म्हणते. तुझ्या पत्रातल्या बाकीच्या काळज्यांना वाटा आहेत. मला बोलायचं आहे ते तुझ्या नवऱ्याच्या त्या एका वाक्याबद्दल, कारण ते मीही एकदा खरं मानलं होतं.

मी ३० वर्षं एकांकिका स्पर्धांचं परीक्षण केलं. एका तालुक्याच्या गावी मदतनिधीसाठी स्पर्धा होती. नऊ संघ होते, हॉलला पंखे नव्हते, बाहेर पाऊस. आम्हा तिघा परीक्षकांना वाटलं, पैसा चांगल्या कामाला जाणार आहे, पोरं लांबून एसटीनं आली आहेत, कोणाला दुखवायचं कशाला? मी सगळ्यांना सातच्या आसपास गुण दिले आणि टिपणं काढलीच नाहीत. पहिला नंबर अर्ध्या गुणानं ठरला. बक्षीस समारंभ संपल्यावर विंगेत एक मुलगा माझ्यापाशी आला. म्हाताऱ्या बापाचं काम केलं होतं त्यानं, कपाळावरची पावडर अजून तशीच होती. म्हणाला, “बाई, माझं काय कमी पडलं?” माझ्या हातातल्या कागदावर नुसते आकडे होते. त्याचा प्रवेश मला आठवत होता, चांगला आठवत होता, पण पाहताना मी मनाशी काही ठरवलंच नव्हतं, त्यामुळे सांगण्यासारखं काही नव्हतं. मी म्हणाले, “छान केलंस, करत राहा.” तो “हो” म्हणाला आणि गेला. मी त्याला फसवलं, असं मला आजही वाटतं. त्याच्यावर दया दाखवली असं मी समजत होते, प्रत्यक्षात मी त्याच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं.

आता तुझ्या त्या रात्रीचा हिशोब मांडून बघ, तू हिशोबातलीच आहेस. निवाऱ्याला जाणारा पैसा तिकिटातून येतो, सोडतीतून येतो, मंचावर मिळणाऱ्या नोटांतून येतो. तू आठाऐवजी नऊ लिहिलेस म्हणून त्या मुलांच्या पदरात एक डॉलर जास्त पडत नाही, आणि सहा लिहिलेस म्हणून एकही कमी होत नाही. दान दारातच झालेलं असतं. परीक्षकाच्या टेबलावर फक्त गुणांचा प्रश्न असतो. आणखी एक, तू सातही जणींना नऊ-नऊ दिलेस तर निकालातून तू स्वतःच बाहेर पडतेस. सगळ्यांत सारखीच भर पडली की क्रम बदलत नाही, उरलेले चार परीक्षक निकाल लावतात आणि पाचव्या खुर्चीत तू नुसती बसलेली असतेस.

तिकडे त्या सात जणींनी काय केलेलं असतं ते सांगते, कारण तू लिहिलंस की तुला यातलं काही कळत नाही. मी काही वर्षं मुलाकडे शिकागोला होते, तेव्हा अशा दोन स्पर्धांच्या परीक्षक मंडळात बसले आहे आणि त्याआधी कपडे बदलायच्या खोलीत तासन्‌तास बसून पाहिलं आहे. मेकअपलाच दोन-तीन तास जातात. आधी स्वतःच्या भुवया गोंदाच्या कांडीनं चापून बसवायच्या, त्यावर पावडर, मग वर नवी भुवई काढायची. नितंब आणि मांड्यांसाठी सोफ्याचा फोम कात्रीनं कापून, कडा निमुळत्या करून आकार दिलेला असतो. तो दिसू नये म्हणून वरून तीन-चार लांब मोजे एकावर एक. टोपाची जाळी कपाळाला चिकटवायची. कोणी गाऊनवर एकेक खडा स्वतः डकवलेला असतो. हे सगळं दिवसभराची नोकरी सांभाळून, कोणी केशकर्तनालयात, कोणी गोदामात. मंचावर जे सहा-सात मिनिटं दिसतं त्याच्या मागे असे कित्येक महिने असतात. हे पाहिल्यावर ‘चॅरिटीच आहे, चालतंय’ म्हणवत नाही.

तू बसली आहेस ते गावही साधं नाही. मिस गे अमेरिका ही ड्रॅगची राष्ट्रीय स्पर्धा १९७२ साली नॅशव्हिलमध्येच सुरू झाली. पहिला मुकुट आर्कान्साच्या नॉर्मन जोन्सला मिळाला, मंचावरचं नाव नॉर्मा क्रिस्टी. पुढे ती स्पर्धा त्यांनीच अनेक वर्षं चालवली. तिथे एक फेरी असते ती मला फार आवडते: स्पर्धक मेकअपशिवाय, पुरुषाच्या कपड्यांत परीक्षकांसमोर बसतो आणि मुलाखत देतो. मग गाऊन, मग मंचावरचा प्रश्न, मग कला. गावोगावच्या स्पर्धांनी थोड्याफार फरकानं हाच साचा उचलला आहे. तुमच्याकडेही मुलाखत असेल तर ती हलक्यानं घेऊ नकोस. मुकुट मिळालेली व्यक्ती वर्षभर त्या बारचं, त्या निवाऱ्याचं तोंड होणार असते. देणगीदारांशी बोलायचं, कार्यक्रम उभे करायचे, भांडणं मिटवायची, हे काम गाऊन करत नाही.

परीक्षकांनी हात राखून पाहिलं तर काय होतं याची एक गोष्ट या कलेच्या इतिहासात आहे, आणि बहुतेक ड्रॅग कलाकारांना ती ठाऊक असते. १९६७ साली न्यूयॉर्कच्या ‘टाउन हॉल’ नाट्यगृहात एक मोठी ड्रॅग सौंदर्यस्पर्धा झाली. परीक्षकांत चित्रकार अँडी वॉरहॉल होते. मुकुट फिलाडेल्फियाच्या हार्लो नावाच्या गोऱ्या, नवख्या स्पर्धकाला मिळाला. क्रिस्टल लाबेजा ही कृष्णवर्णी कलाकार निकाल ऐकताच मंचावरून चालती झाली, आणि आत जाऊन तिनं तोंडावर सांगितलं की हे आधीच ठरलेलं होतं. हा सगळा प्रसंग कॅमेऱ्यात टिपला गेला आहे. तिचं म्हणणं खरं होतं की नाही यावर आजही वाद होतील. माझ्यापुरतं सांगते, त्या परीक्षकांनी काय पाहून गुण दिले हे कोणालाच कळलं नाही, एवढं पुरे आहे. पुढच्या काही वर्षांत क्रिस्टलनं स्वतःचं घराणं, म्हणजे कलाकारांचं मानलेलं कुटुंब, उभं केलं, कृष्णवर्णी आणि लॅटिनो कलाकारांना गोऱ्यांच्या स्पर्धेत न्याय मिळत नाही म्हणून त्यांची वेगळी मैफल उभी राहिली. त्यातून फार सुंदर कला जन्मली. पण ती अन्यायाच्या पोटी जन्मली, हे परीक्षकाच्या खुर्चीत बसणाऱ्यानं विसरू नये.

आणि या स्पर्धांना दानाची एवढी ओढ का, हेही तुला कळायला हवं, नाहीतर तो नुसता पोस्टरवरचा मजकूर वाटेल. सॅन फ्रान्सिस्कोत होजे सारिया नावाचे एक गायक-कलाकार होते. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होते, नंतर एका बारमध्ये स्त्रीवेषात ऑपेरा गायचे. १९६१ साली ते शहराच्या कारभारी मंडळाच्या निवडणुकीला उभे राहिले, आपण समलिंगी आहोत हे न लपवता. हरले, पण हजारो मतं पडली. त्या दशकाच्या मध्यावर त्यांनी स्वतःला सम्राज्ञी जाहीर केलं आणि त्यातून एक ‘दरबार’ सुरू झाला. अशा दरबारांची साखळी पुढे अमेरिका, कॅनडा, मेक्सिकोपर्यंत पसरली. दरवर्षी नवी सम्राज्ञी, नवा सम्राट, आणि त्यांचं वर्षभराचं मुख्य काम निधी गोळा करण्याचं. मग १९८१ च्या जूनमध्ये एड्सची पहिली सरकारी नोंद छापून आली. माणसं तरणीताठी मरू लागली, घरच्यांनी दारं लावली, आणि राष्ट्राध्यक्ष रेगन यांचं या रोगावरचं पहिलं मोठं भाषण झालं ते १९८७ च्या मेअखेरीस. त्या मधल्या वर्षांत औषधाला, भाड्याला, अंत्यविधीला पैसा कुठून येणार? बारमध्ये रात्री बादली फिरायची. मंचावर ड्रॅग कलाकार असायच्या, आणि नाचताना मिळालेल्या नोटा त्या बादलीत टाकायच्या. तुझ्या सहकाऱ्याच्या बारमध्ये पुढच्या महिन्यात जे होणार आहे ते त्याच रात्रींचं पुढचं पान आहे.

नोटांवरून आठवलं. तिथे प्रेक्षक उठून कलाकाराच्या हातात एकेक डॉलर देतात. तुला ते पहिल्यांदा पाहताना अवघड वाटेल, पण आपल्याला हे नवं नाही, आपल्याकडे त्याला दौलतजादा म्हणतात. तमाशाच्या बोर्डावर हेच चालतं. एरवीच्या कार्यक्रमात तूही दे, हसून दे. स्पर्धेच्या रात्री मात्र परीक्षकाचा हात नोटेसह कोणापुढेही जाता कामा नये. तुझी देणगी आत शिरताना दारातच दे आणि पाकीट पर्समध्ये ठेवून दे.

आयोजकांना आजच विचारायचं एक आहे. काही ठिकाणी स्पर्धकानं किती निधी जमवला याचेही गुण धरतात. धरायला हरकत नाही, पण ते सगळ्यांना आधीपासून माहीत हवं आणि तो आकडा मोजणारा माणूस वेगळा हवा. तुझ्या कागदावर तो रकाना असेल तर काढायला सांग. जिच्या ओळखीत श्रीमंत लोक आहेत ती जास्त पैसे आणणारच, त्याचं कौतुक वेगळ्या बक्षिसानं करता येतं. तोच रकाना कलेच्या बेरजेत शिरला की स्पर्धा ओळखींची होते. शिवाय हे विचार: गुणांची बेरीज कोण करणार, कागद प्रत्येक फेरीनंतर गोळा होणार की शेवटी, वेळ ओलांडली तर किती गुण कापायचे आणि ते कोण कापणार, बरोबरी झाली तर काय. हे प्रश्न विचारले म्हणून कोणी रागावणार नाही. उलट बरं वाटेल त्यांना, ही बाई मनावर घेते आहे.

आता ‘मला या कलेतलं कळत नाही’ याबद्दल. मेकअप, टोप, फोम यांतलं तुला कमी कळतं, हे खरं. पुढच्या महिन्यापर्यंत दोन-तीन रात्री जाऊन बस, डोळे तयार होतात. पण मुख्य गोष्ट तुला पुष्कळांपेक्षा जास्त कळते. बहुतेक स्पर्धकांचा आवाज ध्वनिमुद्रित असेल, दुसऱ्याच कोणाचा. आपल्याकडची माणसं यावर म्हणतात, ‘नुसते ओठ हलवतात, त्यात काय?’ तू तरी असं म्हणू नकोस. तू ठुमरीवर भाव करतेस तेव्हा गाणं कोण गातं? तुझ्या मागे बसलेली गायिका. ‘कौन गली गयो’ या एका ओळीत तू दहा तऱ्हांनी वाट पाहतेस, आणि लोक गायिकेला विसरून तुझ्या डोळ्यांकडे पाहतात. दुसऱ्याचा स्वर आपल्या अंगात मुरवणं म्हणजे काय हे तुझ्या गुरूंनी तुला शिकवलं आहे. तेच तिथे पाहायचं. श्वास कुठे घेते ते बघ: मूळ गायिकेनं जिथे श्वास घेतला तिथेच छाती हलते की नाही. शेवटच्या व्यंजनाला ओठ मिटतात की नाही. कडव्यांच्या मधल्या वाद्यांच्या तुकड्यात ती मंचावर आहे की हरवली आहे. कच्ची कलाकार तिथेच उघडी पडते, कारण करायला शब्द नसतात.

सांभाळायचं आहे ते तुझ्या आवडीपासून. तू कथकची. कोणी गर्रकन चार चकरा घेतल्या की तुझी पेन्सिल आपोआप वर सरकेल. माझी तशीच सरकायची, चांगल्या उच्चारांकडे. तुझ्या सातांत एखादी अशी असेल जी जागची हलणार नाही, स्टुलावर बसून एक जुनं दुःखी गाणं करेल. एखादी निव्वळ विनोद करेल. एखादी कसरत करेल, हवेतून पाय फाकून खाली पडेल आणि सगळा बार उठून उभा राहील. जी जे करते आहे ते ती किती पूर्ण करते, हे पाहा. टाळ्यांचा आवाज तर अजिबात मोजू नकोस. तिथे प्रत्येक स्पर्धकाचं घराणं, मित्र, शेजारी आलेले असतात, आणि ज्या मुलीला घरच्यांनीच टाकलं आहे तिच्या बाजूनं ओरडणारे चारच असतील.

गाऊनच्या फेरीत पैसा डोळे दिपवतो. किंमत वजा करून बघायची सवय लाव. कपडा अंगावर बसला आहे का, काठ चालताना पायात येतो का, वळताना ती खाली बघते का, मानेचा आणि चेहऱ्याचा रंग एक आहे का, हात कुठे ठेवायचे हे तिला ठाऊक आहे का. पडद्याच्या कापडाचा घरी शिवलेला गाऊन घालून एक मुलगी शिकागोत अशी चालली होती की आजूबाजूचे हजारो डॉलरचे खडे मला दिसेनासे झाले. मी तिला त्या फेरीत सर्वांत जास्त गुण दिले. मंडळातल्या दुसऱ्या एकानं दिले नाहीत. नंतर आम्ही दोघांनी आपापली टिपणं समोर ठेवली, दोघांनाही आपलंच बरोबर वाटत होतं, आणि तरी कोणी कोणावर संशय घेतला नाही. परीक्षकांचं एकमत व्हायलाच हवं असं नाही, म्हणून तर पाच जण बसवतात.

पहिल्या स्पर्धकाकडे जरा जास्त लक्ष दे. सगळीकडे पहिल्यावर अन्याय होतो, कारण परीक्षक पुढच्यांसाठी गुण राखून ठेवतो. कागद लगेच गोळा होत असतील तर मागे फिरून दुरुस्त करता येत नाही. म्हणून कार्यक्रम सुरू होण्याआधीच ठरव की तुझा पाच म्हणजे काय, सात म्हणजे काय, नऊ कधी. आणि शेवटच्या दोघींच्या वेळी रात्रीचे बारा वाजून गेले असतील, तुझे डोळे मिटत असतील. तेव्हा दारूला हात लावू नकोस, पाणी पी आणि पाठ ताठ ठेव. सातवीनंही पहिलीइतकेच महिने घातलेले असतात.

कोणाच्या शरीराबद्दल अंदाज बांधू नकोस. काही स्पर्धा फक्त पुरुषांसाठी असतात, शिकागोत १९८० साली सुरू झालेल्या मिस कॉन्टिनेन्टलसारख्या काही स्पर्धांनी ट्रान्स स्त्रियांना सुरुवातीपासून जागा दिली, काही ठिकाणी सगळेच येतात. कोण पात्र आहे हे आयोजक ठरवतात, तो तुझा रकाना नाही. मंचावर ‘ती’ म्हण. मंचाखाली ज्याला जसं हवं तसं, विचारून. आपल्या भाषेत तर क्रियापदसुद्धा आला-आली सांगत बसतं, तेव्हा घरी नवऱ्याला रात्रीचा वृत्तांत सांगतानाही ही काळजी घे.

सहकाऱ्याच्या लेकीचा प्रश्न तुला वाटतो तेवढा अवघड नाही, फक्त आज सोडव. ड्रॅगमध्ये शिकवणारीला आई म्हणतात, शिकणारीला लेक, आपल्या घराण्यांसारखंच आहे ते. आयोजकांना लेखी कळव: ‘मला बोलावणारा माझा सहकारी आहे आणि त्याची शिष्या स्पर्धेत आहे. मी तिला ओळखत नाही. तुम्हाला आणि बाकीच्या स्पर्धकांना चालत असेल तरच मी बसेन.’ तिला खरोखर ओळखत असशील, तिच्या हातचं जेवली असशील, तर मात्र परीक्षक होऊ नकोस, तिकीट काढून प्रेक्षकांत बस. नुसतं ऑफिसातलं नातं असेल तर सांगून टाकलं की बहुतेक वेळा भागतं. तोपर्यंत सहकाऱ्याशी स्पर्धेबद्दल एक शब्द नको. डब्याच्या वेळी तो काही दाखवायला लागला, तालमीचा व्हिडिओ वगैरे, तर हात जोडून सांग की त्या दिवसानंतर दाखव. तो समजेल. त्यालाही आपल्या लेकीचा मुकुट संशयाचा नको असणार.

राहिल्या क्लासच्या आया. खोटं बोलू नकोस आणि घोषणाही करू नकोस. कोणी विचारलं तर सांग: हो, गेले होते, निवाऱ्यासाठी कार्यक्रम होता, मी गुण दिले. एखादी मुलगी क्लासमधून कमी होईलही. ते सोसावं लागलं तर सोस, मी खोटी खात्री देत नाही. तुमच्या राज्यात २०२३ च्या मार्चमध्ये ड्रॅग कार्यक्रमांवर बंधनं घालणारा कायदा झाला, जूनमध्ये संघीय न्यायाधीशांनी तो घटनाबाह्य ठरवला, आणि २०२४ च्या जुलैमध्ये वरच्या न्यायालयानं तक्रारदारांना दाद मागायचा अधिकारच नव्हता असं म्हणून तो निकाल फिरवला. त्या कायद्याचा मुख्य रोख लहान मुलांसमोर काय होतं यावर आहे. म्हणून प्रवेशाला वयाची अट काय आहे ते आयोजकांना विचारून घे, आणि क्लासमधल्या मोठ्या मुलींपैकी कोणी ‘आम्हीपण येतो’ म्हणाली तर नाही म्हण.

कोणी टोमणा मारलाच तर तुझ्या तोंडी बालगंधर्वांचं नाव येईल. सगळ्यांच्या येतं. पण ढाल म्हणून ते वापरू नकोस, कारण दोन्ही गोष्टी एक नाहीत. नारायणराव राजहंस स्त्री-भूमिका करायचे तेव्हा कुलीन बाईला मंचावर उभं राहायची मुभा नव्हती, आणि त्यांची ‘मानापमान’मधली भामिनी पाहताना आत पुरुष आहे हे लोकांनी विसरावं, अशी ती कला होती. ड्रॅगमध्ये ते विसरायचं नसतंच. दोन्ही एकदम दिसतं, त्यातच तिची मजा आणि तिचं धाडसही आहे. कोणाच्या थोरवीच्या आडोशाला उभं न राहता तिला तिच्या जागी मान दे.

मात्र बालगंधर्वांची एक रात्र मी तुझ्या नवऱ्याला जरूर सांगेन. १९२१ च्या जुलैमध्ये मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं. गंधर्व मंडळी आणि ललितकलादर्श, एकमेकींच्या तोडीच्या दोन कंपन्या, एका मंचावर आल्या. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. तिकिटाचे दर त्या काळी डोळे पांढरे करणारे होते, आणि पैसा सगळा देशकार्याला. दोघांपैकी कोणालाही ‘फंडासाठी आहे, आज जरा सैल गाऊ’ म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. लोक जुगलबंदी ऐकायला आले होते आणि त्यांना ती मिळाली, दोघेही जीव ओतून गायले. तीन महिन्यांत केशवराव गेले. त्या रात्रीची आठवण माझ्या आजोबांच्या पिढीनं जन्मभर सांगितली, आणि सांगताना फंडात किती जमले हे कोणी आधी सांगत नसे. आधी सांगत ते गाण्याचं.

तेव्हा जा. छोटी वही घेऊन जा, कारण गुणांच्या कागदावर टिपणांना जागा चार बोटंच असते. प्रत्येकीसाठी दोन ओळी लिही: एक जे पाहून तुला बरं वाटलं, एक जे पुढच्या वेळी तिनं बदलावं. दुसरी ओळ नेमकी हवी. ‘अजून मेहनत हवी’ हे काही सांगणं नव्हे. ‘दुसऱ्या कडव्यात तू प्रेक्षकांकडे पाहणं सोडलंस आणि पायांकडे पाहिलंस’, हे सांगणं. निकाल लागला, मावळत्या राणीनं मुकुट उतरवून नवीच्या डोक्यावर ठेवला, फोटो झाले, की लगेच गाडीकडे पळू नकोस. अर्धा तास बारच्या कडेला थांब. जिंकलेली येणार नाही, तिला घेरलेलं असेल. दुसरी येईल कदाचित, डोळे पुसत. आणि सगळ्यांत शेवटी, टोप हातात धरून, काजळ गालावर आलेली, सातवी येईल.

घरी पोचलीस की मला लिही. कोण जिंकलं ते नको. सातवी कोण होती आणि तू तिला काय सांगितलंस, ते लिही.

तुझी,
ताई